आशालताबाई फोन बदलतात

गोखिवऱ्याच्या त्या बिल्डिंगमध्ये इन्व्हर्टर एकट्या आशालताबाईंकडे होता, आणि इन्व्हर्टरवर चालणारा प्लग त्यांच्याही घरात एकच होता, ओट्याच्या कडेला. कऱ्हाडहून येऊन त्यांना इथे कितीतरी वर्षं झाली होती. पण जिन्यात भेटलं तर हसायचं, एवढीच काय ती शेजाऱ्यांशी ओळख. मग दुपारचं लोडशेडिंग सुरू झालं आणि बायका हातात मोबाइल घेऊन त्यांच्या दारात उभ्या राहू लागल्या.

सगळ्यांचे फोन नोकियाचे. पहिला फोन आशालताबाईंच्या यजमानांनी, श्रीरंगरावांनी घेतला आणि त्यांचं बघून बिल्डिंगने घेतले. श्रीरंगराव काही घेतात म्हणजे दहा दुकानं फिरूनच, अशी त्यांची ख्याती होती. त्यामुळे एक प्लग, एक चार्जर आणि सगळ्यांना चालणारी एकच पिन. एकीचा फोन चार्ज होईपर्यंत दुसरीने थांबायचं. थांबायचं म्हणजे बसायचं, बसायचं म्हणजे चहा, आणि चहा म्हणजे कुणाची तरी नणंद निघालीच. फोन सारखे दिसत म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या सुरुचीने आपल्या फोनवर टिकली चिकटवली होती. लिडियाने आपल्या फोनला लाल दोरा बांधला होता.

लिडिया पहिल्या मजल्यावरची. माहेर निर्मळचं, केळीच्या वाडीतलं. येताना हातात फोन आणि पदराखाली चार वेलची केळी. तिचा नंबर आला की ती हटकून म्हणायची, "तुमचं होऊ द्या गं, मला घाई नाय." आणि शेवटपर्यंत बसायची. लाईट आली तरी पंख्याखाली बसायची.

हे सगळं सुरळीत चाललं असताना बिल्डिंगला बाटवलं ते जाहिरातींनी. सुरुचीच्या नवऱ्याने गाणी वाजणारा सॅमसंग आणला. दुसऱ्या मजल्यावर कॅमेरावाला सोनी एरिक्सन आला. लिडियाच्या कुवेतच्या भावाने तिला घडीचा फोन पाठवला. डबीसारखा उघडायचा, टप्पकन मिटायचा. त्याच्या कंपनीचं नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून बायकांनी तिचं नावच ठेवलं: लिडियाची कंपनी.

प्रत्येकीची पिन वेगळी झाली. जी ती आपला चार्जर घेऊन येऊ लागली, आणि प्लग तर एकच.

"माझा काढला कुणी?"

"तुझा भरला होता."

"दोन दांड्या भरल्या म्हणजे भरला होय?"

श्रीरंगराव मुळातले शांतताप्रिय. त्यांनी रविवारी स्टेशनजवळून सहा भोकांचा बोर्ड आणला. "घे. आता भांडणं बंद."

भांडणं बंद झाली. गप्पाही बंद झाल्या. आता कुणी थांबायचं कारणच उरलं नाही. "काकू, लावून जाते हां, मग नेते," म्हणत सुरुची उंबऱ्यातूनच परतायची. लिडियासुद्धा केळी ओट्यावर ठेवून निघायची. आता कुणाला 'तुमचं होऊ द्या' म्हणणार? सहा फोन सलाईन लावलेल्या पेशंटसारखे ओट्यावर पडून असत आणि आशालताबाई त्यांच्या सोबतीने एकट्या चहा पीत. एकदा सुरुचीचा फोन वाजला तो त्यांनी उचलला आणि तिच्या सासूशी गुडघेदुखीबद्दल मनसोक्त बोलून घेतलं. आवाज वेगळा आहे हे सासूच्या शेवटपर्यंत लक्षात आलं नाही. पण असलं सुख रोज थोडंच मिळतं!

त्यात पुण्याहून मुलाचा, जितेशचा फोन. "आई, दिवाळीला तुला नवा मोबाइल. कंपनी तू ठरव."

आशालताबाईंनी मुलगी द्यायची असल्यासारखी चौकशी आरंभली. सॅमसंग घेतला तर सुरुचीशी जमेल, पण सुरुचीला दुपारी क्लासेस. सोनी एरिक्सनवालीला फोटोपलीकडे बोलायला विषय नाही.

"तू फोन बघतेयस की शेजार?" श्रीरंगरावांनी वर्तमानपत्राआडून विचारलं.

"तुम्ही तो बोर्ड आणलात, आता मध्ये बोलू नका."

"नोकिया सोडू नकोस, एवढंच सांगतो. डोळे मिटून येतो तुला. कुणाला काही विचारायला लागत नाही."

आशालताबाई निवडायला घेतलेली मेथी हातात धरून नुसत्याच बसल्या. खरंच, कुणाला काही विचारायला लागत नव्हतं.

स्टेशनसमोर एडवर्डचं मोबाइलचं दुकान. त्याने नवा नोकिया काचेवर ठेवला. "आंटी, हा घ्या. जुन्यासारखाच आहे. काय शिकायला नको."

"आणि तो घडीचा?"

"तो नका घेऊ. दिसायला एक नंबर, पण सगळा मेन्यू वेगळा. नोकियाची सवय असली की लय त्रास होतो."

"किती त्रास होतो?"

एडवर्डने त्यांच्याकडे पाहिलं. असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. "म्हणजे... परवाच एक काका परत घेऊन आले. बिचारे रडायचे बाकी होते."

"एकटीने जमणार नाही?"

"एकटीने? नावच नका घेऊ."

"कुणीतरी शेजारी बसून शिकवायला पाहिजे."

"रोज बसायला पाहिजे, आंटी! कोणाला एवढा टाइम आहे?"

"बांधून दे," आशालताबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी लाईट गेली. लिडियाने चार्जर लावला, केळी ठेवली आणि "येते हां," म्हणत ती वळली.

"लिडिया, जरा बघ गं. नाव कुठे लिहायचं असतं यात?"

लिडियाने वळून पाहिलं. "अगं बाय! माझ्याच कंपनीचा घेतलात?" आणि ती बसली. पहिल्या दिवशी नाव लिहिणं झालं. दुसऱ्या दिवशी ते पुसणं झालं, कारण श्रीरंगरावांच्या नावावर चुकून गॅसवाल्याचा नंबर गेला होता. चहा दोनदा झाला. निर्मळच्या भावाचं लग्न कुठे अडलंय ते कळलं. लिडियाची आई, शंकराचार्यांच्या मंदिराची जत्रा, यंदा केळीवर पडलेला रोग, सगळं त्या मेन्यूतून एकेक करून बाहेर आलं.

पण एक घोटाळा होत होता. आशालताबाई मूळच्या हुशार होत्या. आठवडाभरात एका सकाळी घरात कुणी नसताना बोटं आपोआप चालली. पाहता पाहता दूधवाला, इस्त्रीवाला, एडवर्ड अशी नावं शिस्तीत जाऊन बसली. शेवटचं नाव बसलं तेव्हा त्यांना चोरी पकडली गेल्यासारखं झालं. त्यांनी फोन टप्पकन मिटला आणि तांदळाच्या डब्यावर ठेवून दिला.

दुपारी लिडियाने तो उघडला. "काल कुठे होतो आपण? हां, नावं..." आणि ती थांबली. तिचा अंगठा यादीवरून खाली सरकत गेला, वर आला, पुन्हा खाली गेला. आशालताबाई गॅससमोर पाठमोऱ्या उभ्या होत्या. चहा उतू जायला आला होता, तरी त्यांनी गॅस बारीक केला नाही.

तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर जितेशचं नाव होतं. आशालताबाईंनी हात पुसून फोन घेतला, उलटा धरला, सुलटा धरला, आणि हताश चेहऱ्याने लिडियापुढे केला.

लिडियाने क्षणभर त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि फोन कानाला लावला.

"हॅलो, जितेश? मी लिडिया आंटी, खालची. आहे आई, इथेच आहे. नाय रे, तिला अजून उचलायला पण जमत नाय. काय? दुसरा घेऊन देतोस?" लिडिया पाटावर मांडी घालून ऐसपैस बसली. "नको बाबा, उगाच खर्च कशाला? मी शिकवते ना रोज. फोन अवघड आहे, पण येईल तिला. दोन-तीन वर्षं तरी जातील."