साचेबाईंचा बैल

साचेबाई कुणाच्या बापाचं ऐकत नसत. पांढुर्ण्यात आमच्या शेजारी राहायच्या. शाळेत हस्तकला शिकवून निवृत्त झाल्या आणि ओसरीवर रबराचे साचे करत बसू लागल्या. त्यातून तळहाताएवढे प्लास्टरचे बैल निघत. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या पोळ्याला, ज्या पोराकडे मिरवायला लाकडी बैल नसेल, त्याला बाईंचा बैल मिळायचाच.

नमुना एकच, बाईंच्या यजमानांनी मरणाआधी कोरलेला सागवानी बैल. तो चिकणमातीत अर्धा रोवायचा, वर रबर ओतायचं. ते घट्ट झालं की माती काढून, रबराला व्हॅसलीन फासून दुसरा भाग ओतायचा. व्हॅसलीन विसरलं तर रबर रबराला धरतं आणि बैल आत कोंडतो. “दोन भाग भेटले पाह्यजे, चिकटले नाही पाह्यजे,” बाई म्हणत. मुलगा नागपूरला चल म्हणून मागे लागला की त्यालाही हेच ऐकवत.

मुलाचं म्हणणं, आई आता विसरते, एकटीनं राहू नये. जुना साचा फाटला म्हणून बाईंनी नवा ओतला, आणि मुलगा त्यांची बॅग भरायला आला नेमका त्याच वेळी साचा उघडेना. व्हॅसलीन राहून गेलं होतं. “पाह्य, हेच सांगून राहिलो मी,” मुलगा म्हणाला. अस्सा राग आला मला त्याचा!

बाईंनी ब्लेड उचललं. “विसरली मी. मंग? निस्तरता येते मले.”

दोन भागांच्या मधून त्यांनी रबर कापत नेलं. काप नागमोडी गेला, पण सागवानी बैलाला ओरखडा नाही. वर त्या वाकड्या कापामुळे दोन्ही भाग एकमेकांत असे बसले, की हलायचं नाव नाही. मुलगा रिकामी बॅग घेऊन परतला.

तेव्हापासून प्रत्येक बैलाच्या पाठीवर वाकडी रेघ उमटते. घासून टाका म्हणणाऱ्यांना बाईंचं एकच उत्तर असे, “दिसून राह्यली तर दिसू द्या.” शेवटपर्यंत त्या त्याच घरात राहिल्या, आणि तिथूनच गेल्या. मला फार आठवतात.

साचा आता माझ्याकडे आहे. यंदाच्या तान्ह्या पोळ्यात, बैलांच्या स्पर्धेत, परीक्षकांनी शेजारच्या पोरीचा त्याच साच्यातला बैल उलटासुलटा पाहिला आणि म्हणाले, ही रेघ घासली असती तर पहिला नंबर होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात नागपूरहून आलेला बाईंचा मुलगा मागून पुढे आला. त्यानं बैल परीक्षकांच्या हातातून काढून पोरीला दिला.

“दिसून राह्यली तर दिसू द्या,” तो म्हणाला.