सरूबाईने ओळखलेले जाळे

माझी थोरली बहीण सरूबाई मागील वर्षी आजच्याच दिवशी वारली.

काल सायंकाळी ती जिंकली.

कशी, ते सविस्तर लिहितो. मजकूर मी स्वतः टाइप केला आहे. शुद्धलेखनाची चूक आढळल्यास कळवावे.

आम्ही धानोरा तालुक्यातील, तलावावर मासेमारी करणारे लोक. तिला मी बाई म्हणत असे. बाई लहानपणापासून वडिलांसोबत डोंग्यावर, म्हणजे लहान होडीवर, गेली, म्हणून मला शाळेत जाता आले. मी इयत्ता चौथी उत्तीर्ण आहे.

तिला एकही अक्षर येत नव्हते. जाळे मात्र तिच्यासारखे गावात कोणी विणत नसे.

बाईची नात पल्लवी चंद्रपूरला शिकते. तिने एका जपानी मंगाचे अकरा भाग घरी आणले. मंगा म्हणजे चित्रांतून सांगितलेली कादंबरी. मजकूर इंग्रजी होता. म्हणजे त्या पुस्तकापुढे बाई आणि मी सारखेच.

मी पुस्तक रीतीप्रमाणे डावीकडून उघडले आणि तिला कथा समजावून सांगू लागलो.

"मास्तर," बाई म्हणाली. माझ्या चौथीवरून ती मला असेच चिडवत असे. "मेलेला माणूस उठून भात खाऊन राह्यला काऊन? तिकून पलटव ते."

जपानी पुस्तक उजवीकडून वाचतात, हे पल्लवीने आम्हांला नंतर सांगितले. बाईला ते चित्रे पाहूनच कळले होते.

कथा अशी. नदीकाठी एक गाव आहे. दरवर्षी एक सरदार घोड्यावर येतो आणि गावातील धडधाकट माणसे धरून नेतो. घाटावर एक म्हातारी जाळे विणत बसलेली असते. अकराही भागांत ती एक शब्द बोलत नाही, जागची उठत नाही.

अकराव्या भागानंतर चित्रकार आजारी पडला. कथा अर्धवट राहिली.

मग बातमी आली. खरे नट घेऊन त्या मंगाची टीव्ही मालिका होणार, आणि शेवट चित्रकार स्वतः लिहून देणार.

पल्लवीच्या फॅन ग्रुपवर रोज वाद झडू लागले. सरदाराला कोण मारणार? नावाडी पोरगी? तिचा भाऊ?

बाईने एका दुपारी निकाल दिला.

"बुढी मारते त्याले."

"आजी, ते तं नुसती बसून राह्यते," पल्लवी हसली.

"बसून काय करते ते पाहा ना! त्या जाळ्याच्या भोकातून तिची अख्खी मूठ जाऊन राह्यली. अन् घाटावर वाळू घातलेल्या मासोळ्या पाहा, बोटाएवढ्या. एक तरी राहीन का त्याच्यात? दोर पाहा केवढा जाड. हे मासोळीचं जाळं नाई, पोरी. माणसाचं आहे."

पल्लवीने व्हिडिओ कॉल लावून हे ग्रुपला ऐकवले.

पुण्याचा एक मुलगा समजुतीच्या सुरात म्हणाला, "आजी, ते जाळं म्हणजे काळाचं प्रतीक आहे."

"काळाचं असो का कोणाचंही, मासोळी निंगून जाईन बाबू."

सगळे हसले.

आणि मी, घरातील शिकलेला माणूस, मध्ये बोललो, "हिला शाळा नाही. हिचे बोलणे मनावर घेऊ नका."

बाई उठून चुलीकडे गेली.

पुढे ती आजारी पडली. गडचिरोलीच्या दवाखान्यात मी तिच्या उशाशी बसत असे.

"मालिका आली का रे?"

"अजून नाही."

"येईन. मी नसली तं तू पाहजो. घाटावर पाहजो. सरदाराकडं नोको पाहू."

तिची क्षमा मागावी असे मनात होते. मी नुसते पांघरूण नीट केले.

काल ट्रेलर आला.

पल्लवी गावीच होती. आमच्याकडे नेटवर्क तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मिळते, म्हणून आम्ही तेथे गेलो. जाळी वाळवणारी मंडळीही मोबाइलभोवती जमली.

घोडे, तलवारी, आग, धूर, सर्व होऊन गेले. मी घाटाकडे पाहत होतो.

म्हातारी उभी राहिली.

अकरा भागांत जी उठली नाही, ती उठली. जाळे हवेत उघडले. घोडा, सरदार, तलवार, सगळे त्याखाली.

"मारलं रे बुढीनं!" आमचा दामाजी ओरडला. चाळीस पावसाळे जाळे फेकलेला माणूस तो. "काय फेकलं! पुरं गोल उघडलं!"

पल्लवीने माझे मनगट इतके घट्ट धरले की घड्याळाचा पट्टा तुटला.

ट्रेलर आम्ही नऊ वेळा पाहिला. नवव्या वेळी दामाजीने चित्र थांबवायला लावले आणि जाळ्याची भोके नीट निरखली.

"जाते," तो म्हणाला. "मूठ जाते. सरूबाईनं बराबर पाह्यलं होतं."

ग्रुपवर पहिला मेसेज पुण्याच्याच मुलाचा होता. "आजी जिंकल्या! आत्ताच्या आत्ता त्यांना फोन द्या!"

पल्लवीने त्याला कळवले, की आजी आता नाही.

मग त्याने लिहिले, "मग सगळ्यांना सांगा. त्यांच्या नावानं सांगा."

म्हणून सांगत आहे.

ज्या चाहत्यांनी ती पुस्तके इंग्रजीत वाचली, जपानीत वाचली, त्यांच्या ग्रुपवर म्हातारीचे जाळे एकीनेच ओळखले. ती माझी बहीण होती.

"हिचे बोलणे मनावर घेऊ नका" हे माझे शब्द मी आज सर्वांसमक्ष मागे घेतो. ज्यांनी त्या दिवशी ते ऐकले, त्यांनी हेही वाचावे.

बाई, तू बरोबर होतीस. हे मी दवाखान्यातच म्हणायला हवे होते.

मालिकेचा पहिला भाग येईल त्या दिवशी पाळीवर पडदा बांधायचे गावाने ठरविले आहे. तुझे नाव घेऊनच सुरुवात होईल.

तुला माझा अभिमानपूर्वक, वाकून नमस्कार.

तुझा धाकटा भाऊ