जमिनीवरचा गिअर

गाडी आमच्याकडे आली तेव्हाच जुनी होती. घोलवडकडच्या एका चिकूच्या वाडीवाल्याने ती दुसरी मोठी लढाई संपल्यावर घेतली होती आणि बरीच वर्षं वापरून गोठ्याशेजारी लावून ठेवली होती. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत. मी त्याला म्हटलं, "गाडीचा भाव सांगा, खुराड्याचा नको." तो हसला. समोरचा हसला की सौदा आपला, हे मला तोवर कळलेलं होतं.

त्याआधी मी बोईसरला गवताच्या वखारीत होतो. डोंगरातली माणसं गवत कापून आणत, आम्ही त्याच्या गासड्या बांधून मुंबईच्या तबेल्यांना पाठवत असू. मी आधी गासड्या मोजणारा होतो, मग तोलणारा, मग स्वतः गवत घेणारा झालो. मला कुणी काही दिलं नाही. हे फुशारकी म्हणून लिहीत नाही. राग आला की हेच वाक्य माझ्या तोंडात येई, म्हणून लिहितो.

माझा भाऊ माझ्याहून चार वर्षांनी मोठा. तो पालघरला एका गॅरेजात कामाला होता. अर्धं आयुष्य लोकांच्या गाड्यांखाली उताणं काढलेला माणूस. बोलायचा कमी. मी गाडी घेतली तेव्हा त्याने ती नोकरी सोडली. गाडी माझ्या नावावर राहील, चालवायची आणि सांभाळायची दोघांनी, असं ठरलं.

तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं. एका ठेकेदाराची आठ माणसं रोज सकाळी सातच्या आत बोईसर स्टेशनवरून साइटवर पोचवायची आणि संध्याकाळी परत आणायची, हे काम मी मिळवलं. पाळीची माणसं सोडली की तशीच गाडी मुरब्याला न्यायची आणि तिथल्या मासळीवाल्या बायकांना टोपल्यांसकट बोईसरच्या बाजारात आणायचं. दुपारी गाडी विहिरीवर धुवायची. तरी संध्याकाळी साइटवरची माणसं नाकाला रुमाल लावत. त्यातला एक जण रोज विचारायचा, "आज पापलेट का बोंबील?"

पाळीचं काम होतं तोवर दोन घरं चालत होती. ते गेलं असतं तर आमच्यापैकी एकाला गाव सोडून पोट भरावं लागलं असतं. तो एक कोण, हे कुणी बोललं नव्हतं. बोलायची गरज नव्हती. गाडी माझी होती.

गिअरचं दुखणं पहिल्यापासूनचं. त्या गाडीचा गिअर हँडलाखाली होता. आतल्या दांड्या झिजल्या होत्या. पहिल्यावरून दुसऱ्यावर टाकताना त्या एकमेकींत अडकत आणि गाडी भर रस्त्यात उभी राही. मग उतरायचं, बॉनेट उघडायचं, हात घालून दांड्या सोडवायच्या आणि पुन्हा बसायचं. बाजारात त्याचे सुटे भाग मिळत नव्हते. भाऊ म्हणाला, "मुंबईला जमिनीवरचा गिअर मिळतो. जुना काढून तो बसवता येतो. बघून ये."

मी एकटाच गेलो. सौदा करताना मला शेजारी माणूस नको असे. त्याच्या तोंडाकडे बघून दुकानदाराला आपली गरज कळते. दुकान म्हणजे एक बोळ होता, छतापर्यंत मोडक्या गाड्यांचं लोखंड. दुकानदाराने एक लाकडी पेटी काढली. तिच्यात दांडा, त्याचा डबा, दोन लांब सळ्या, स्प्रिंगा, बुश. शेवटी त्याने एक जाड, वाकवलेली लोखंडी पट्टी काढून वर ठेवली. मी भाव पाडत गेलो. तो एका आकड्यावर अडला. मी उठलो. तो म्हणाला, "उतने में पट्टी नहीं आएगी, सेठ."

मी पट्टी हातात घेतली. चार भोकं पाडलेलं लोखंड. असलं आमच्या लोहाराकडे कोपऱ्यात पडलेलं असे. मी ती त्याच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, "ठेव तुझ्याकडे. दारात अडकव, नजर लागणार नाही."

"पछताओगे, सेठ."

मी हे बोलणं वखारीत शंभर वेळा ऐकलेलं होतं. गवत ओलं नाही, पछताओगे. मी पेटी खांद्यावर घेतली आणि निघालो. परतीच्या आगगाडीत बसल्यावर वाटलं, आज आपण बरं केलं.

भावाने पेटीतलं सगळं अंगणात गोणपाटावर मांडलं. बराच वेळ बघत बसला. मग विचारलं, "पेटीत आणखी काही होतं का?"

"होतं तेवढं सगळं तुझ्यापुढे आहे," मी म्हटलं.

हे खोटं नव्हतं. पट्टी पेटीत नव्हतीच.

त्याने पुन्हा विचारलं नाही. त्याच्यावरचा माझा राग इथून सुरू होतो. एवढी वर्षं गाड्यांखाली काढलेल्या माणसाने दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं, असं मला वाटत आलं आहे. त्याने गाडीच्या तळाच्या पत्र्याला भोक पाडलं, लोखंडी कोन आणून डबा पत्र्यालाच घट्ट बसवला आणि सळ्या खाली गिअरबॉक्सला जोडल्या. दोन दिवस लागले. रिकामी गाडी त्याने पालघरपर्यंत नेऊन आणली. गिअर लोण्यासारखे पडत होते. त्याने दांड्यावर एक लाकडी मूठ स्वतः तासून बसवली.

तिसऱ्या दिवशी पाळीची आठ माणसं घेऊन मी निघालो. पाम गावाच्या अलीकडे एक मोरी होती आणि मोरीवर छोटासा चढ. तिथे रेस दिली आणि दुसरा गिअर आपोआप निसटला. गाडी नुसती आवाज करत मागे सरकू लागली. मागचे म्हणाले, "अहो, पुढे तारापूर, मागे बोईसर!" मी पुन्हा गिअर टाकला, पुन्हा निसटला. शेवटी चौघांना उतरवून चढ काढला. साइटवर वीस मिनिटं उशीर झाला.

भावाने सळ्यांची लांबी जुळवली. रिकामी गाडी त्याच मोरीवरून सहा वेळा नेली. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी माणसं भरली, गिअर निसटला. त्याने बुश बदलले. रिकामी गाडी ठीक, भरलेली नाही. त्याने जास्त ताणाची स्प्रिंग लावली. मग मी माझ्या डोक्याने सायकलची ट्यूब कापून दांडा सीटच्या पायाला बांधला. ट्यूब तुटून पुढे बसलेल्या माणसाच्या गुडघ्याला लागली. तेव्हापासून पुढचे दोघे आळीपाळीने दांडा हाताने दाबून धरत. त्यातला एक म्हणाला, "ड्रायव्हरचं काम आम्ही करतो, मग भाडं कुणी द्यायचं?"

भाऊ एका संध्याकाळी हात पुसत म्हणाला, "रिकामी असली की चालते. तू माणसं जास्त कोंबतोस. हिच्यात सहा बसतात."

तो बरोबर दिशेला होता, हे आज दिसतं. तेव्हा मला एवढंच ऐकू आलं की मी लोभी आहे. मी म्हटलं, "सहांत दोन घरं चालव मग. दाखव चालवून."

तो पुन्हा गाडीखाली शिरला.

पाळीच्या गाडीला दुसऱ्यांदा उशीर झाला तेव्हा ठेकेदाराच्या मुकादमाने मला पत्र्याच्या कचेरीत बोलावलं. तो घड्याळाकडे बघून म्हणाला, "एकदा माफ, दोनदा माफ. तिसऱ्यांदा मी तुमच्याशी बोलणार नाही, दुसऱ्या गाडीवाल्याशी बोलेन." बाहेर ती दुसरी गाडी उभीच होती.

मी बोईसरला परतलो तर भाऊ स्टेशनसमोर चहा पीत उभा होता. आजूबाजूला टांगेवाले, हमाल, दोन-तीन ओळखीची माणसं. मी गाडी बंद न करताच उतरलो आणि बोललो. काय बोललो ते सगळं लिहीत नाही. शेवटचं वाक्य असं होतं, "दादा, लोकांच्या गाड्या नीट केल्यास आणि घरचीच बिघडवलीस. तुझ्या हाताला यशच नाही."

त्याने कप खाली ठेवला. चहा अर्धा होता. तो म्हणाला, "गाडी बंद कर. पेट्रोल जळतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बलसाडच्या गाडीने गेला. तिकडे त्याच्या ओळखीचं एक गॅरेज होतं. आपले दुरुस्तीचे पाने घेऊन गेला नाही. ते गोणपाटात गुंडाळून माझ्या ओटीवर ठेवलेले होते, मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने. माझ्या बायकोने विचारलं, "भावजी परत कधी येणार?" मी म्हटलं, "गेला तो विचारून गेला का?" आणि जेवायला बसलो. भात, डाळ, सुका जवळा. नीट जेवलो. मला काही वाटत नव्हतं. पुढे बरेच दिवस तसंच होतं. हात गाडी चालवत होते, तोंड भाव करत होतं, आणि आत एखाद्या रिकाम्या वखारीसारखं होतं.

त्यानंतर आठ दिवसांनी मुरब्याहून बायका घेऊन येत होतो. पुढे माझ्या शेजारी नेहमीची एक थोराड मासळीवाली बसली होती. तिच्या दोन पायांच्या मध्ये गिअरचा दांडा असायचा आणि तो टाचेने दाबून धरायचं काम तिने स्वतःकडे घेतलं होतं. वाटेत तिची पानाची चंची खाली पडली. ती वाकली, पायाखालचं पायपुसणं बाजूला केलं आणि भोकातून खाली बघत राहिली.

"चंची मिळाली का?" मी विचारलं.

"मिलली. अरं शेट, खाली काय हालतंय तुजं?"

"काय हालणार? रस्ता हालतोय."

"रस्ता नाय. तो लोखंडी गोला. तू जोर केलास का उरी मारतंय. नि तुजा दांडा हाय तसाच उबा. खालचा नाचतंय नि वरचा देवलातल्या खांबासारका. मग तुटल नाय तर काय होल?"

मागची एक म्हणाली, "तू आता मासली सोड, गाड्या दुरुस्त कर."

"करीन ना. या शेटापक्षा बरी करीन."

सगळ्या हसल्या. मी गाडी कडेला घेतली. खाली उतरलो नाही. तिथेच वाकून भोकातून बघितलं आणि हातब्रेक ओढून थोडी रेस दिली, क्लच जरा सोडला. नऊ बायका आणि टोपल्यांच्या वजनाने गाडी हलेना. इंजिनाने जोर केला आणि ज्या रबरी गाद्यांवर ते बसवलेलं असतं त्यांच्यावर तिरकं झालं. त्याच्याबरोबर गिअरबॉक्स बोटभर उचलला गेला. दांड्याचा डबा पत्र्याला बांधलेला, तो जागचा हलला नाही. मधल्या सळीने गिअर ओढून बाहेर काढला. रिकाम्या गाडीत एवढा जोर कधी लागतच नव्हता.

ती पट्टी कशासाठी होती, ते मला तिथे रस्त्याच्या कडेला कळलं. डबा पत्र्यावर बसवायचाच नव्हता. पट्टीने तो गिअरबॉक्सच्या पाठीवर बसायचा. म्हणजे खालचा हलला की वरचाही हलला असता.

"काय रं शेट, गप का?" मासळीवाली म्हणाली.

"काही नाही," मी म्हटलं. "पाय काढू नका दांड्यावरचा."

मी मुंबईला गेलो. पट्टी दुकानात खिळ्याला अडकवलेली होती, दाराशीच. दुकानदाराने मला ओळखलं. त्याने आकडा सांगितला आणि मी दिला. त्याला वाटलं असेल मी काहीतरी बोलेन. त्याने पट्टी वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. आयुष्यात भाव न करता घेतलेली ती माझी पहिली वस्तू.

पट्टी मी स्वतः बसवली. भावाचेच पाने घेतले. गाडीखाली उताणा झालो तेव्हा कळलं की तो एवढी वर्षं तोंडावर माती झेलत होता. पत्र्याचं भोक जरा मोठं करावं लागलं, बाकी सगळं त्याने केलेलं होतं तसंच चाललं. सळ्यांची लांबी केसभरही बदलावी लागली नाही. त्याच्या कामात एकही चूक नव्हती.

दुसऱ्या दिवशी आठ माणसं भरून मोरी चढलो. गिअर जागचा हलला नाही. पुढच्या माणसाने सवयीने दांड्यावर हात ठेवला होता. मी म्हटलं, "काढा हात." तो म्हणाला, "खरंच काढू?" सातला दहा कमी असताना साइटवर पोचलो. मुकादमाने घड्याळ बघितलं आणि मान हलवली. काम राहिलं. मला आनंद झाला नाही, वाईटही वाटलं नाही. गाडी वळवून मुरब्याला गेलो.

भावाला एक कार्ड टाकलं. "गिअर ठीक झाला आहे. काम चालू आहे. ये." पट्टीचं लिहिलं नाही. कार्डावर जागा होती. त्याचं उत्तर आलं, "ठीक झाला हे चांगलं. इकडे काम बरं आहे. घरच्यांना घेऊन जाईन." महिन्याभराने तो येऊन बायको-मुलांना घेऊन गेला. त्या दिवशी मी पाळीवर होतो. मुद्दाम नव्हतो, पण बदली माणूस मिळाला असता.

पुढे साइटवर मोठ्या बसगाड्या आल्या आणि पाळीचं काम तसंही संपलं.

त्याआधी एकदा घरच्या लग्नाला तो आला होता. पाहुण्यांना स्टेशनवर सोडायला निघालो तेव्हा तो माझ्या शेजारी पुढे बसला. त्याने तासलेल्या लाकडी मुठीवर हात फिरवला. मग वाकून पायपुसणं उचललं आणि भोकातून बघितलं. हात घालून पट्टीवर अंगठा टेकवला, चारही बोल्ट एकेक करून चाचपले.

"ही पेटीत नव्हती," तो म्हणाला.

"नव्हती."

मी वाट बघत होतो. तो ओरडला असता, मला चारचौघांत शिवी दिली असती, तर मीही ओरडलो असतो आणि कुठेतरी ते संपलं असतं. मागे पाहुणे होते, ऐकायला माणसं होती, मी स्टेशनसमोर केलं तसं त्याला करता आलं असतं. त्याने पायपुसणं जागेवर नीट पसरलं.

"डावीकडचा बोल्ट जरा सैल आहे," तो म्हणाला. "आवळून घे."

मी घरी आल्यावर तो आवळला. खरंच सैल होता. त्याने मला तेव्हा एक शब्द बोलायला हवा होता. ते त्याने केलं नाही, आणि माझा त्याच्यावरचा राग अजून तसाच आहे.