वाघाच्या ठशाशेजारची रेघ

कासूच्या मागच्या डोंगरावर, अर्ध्या चढावर, शेंदूर लावलेला एक दगड आहे. भातकापणी झाली की वाघोबा त्या दगडाच्या वर राहायला येतो, होळीपर्यंत पुढे कोणी जायचे नाही, असे तिथे मानतात. दगडाच्या वर एक झरा आहे. त्याचे पाणी आदिवासी वाडीत उतरते. पाऊस लागेपर्यंत वाडीला दुसरे पाणी नाही.

त्या हिवाळ्यात खालच्या गावाने झऱ्यापासून भाजीच्या शेतांपर्यंत पाइप टाकायचे ठरवले. पाइपची भेंडोळी आली आणि चारच दिवसांत दगडापाशी, धुळीत, पंजा उमटला. मी तेव्हा पेणला वार्ताहर होतो. वाघ फारच वेळेवर आला होता. सकाळच्या गाडीने मी कासूला उतरलो.

वाट दाखवायला पाइप आणणारा शेतकरी आला. "वाघ कसला, भाऊ? हायवेच्या धुळीनंच खोकून मेला असता," तो म्हणाला. दगड दिसताच मात्र थांबला. "तुम्ही बघून या. माझ्या पायात काटा गेलाय."

काटा मला दिसला नाही.

ठसा एकच होता. मागेपुढे दुसरे पाऊल नाही. चार बोटे, मूठ दाबावी तशी. शेजारी बारीक, वाकडी रेघ. मी फोटो काढला.

उतरताना वाडीतली एक म्हातारी करांदे खणताना भेटली. मनगटात एकच काचेची बांगडी.

"मावशी, वाघ बांगडी घालतो का?"

तिचे खणणे थांबले नाही. "वाघीण असंल तर घालंल. पेपरात छापणार व्हय?"

"खोटं असेल तर छापावं लागेल."

"छाप. मग आमच्या पोरींचे हंडे तूच भर."

दुपारी गावच्या देवळात बैठक बसली. शेतकऱ्याने सगळ्यांसमोर विचारले, "भाऊ, तुम्ही जवळून बघितलात. वाघाचाच हाय ना?"

"चार बोटं आहेत," मी म्हणालो. "नखं दिसली नाहीत. वाघ चालताना नखं आत घेतो."

यातले एकही वाक्य खोटे नव्हते. पाइप उचलायला कोणी पुढे झाले नाही. फोटो मी कार्यालयात पाठवला नाही.

पुढच्या थंडीत पुन्हा गेलो. भेंडोळ्यांवर दुधीचा वेल चढला होता. दगडापाशी या वेळी चार पावले होती, ओळीने. रेघ नव्हती.