पाचही जोड्या

वाफसा हा शब्द आमच्या खात्याच्या एकाही परिपत्रकात नव्हता. पुनरुज्जीवन होतं, बळकटीकरण होतं, उद्दिष्टपूर्ती तर पानापानावर होती. पण पेरणी ज्याच्यावर अवलंबून असते ते मात्र कुणी लिहिलं नव्हतं. पाऊस उघडल्यावर काळी जमीन आधी चिखल असते आणि नंतर दगड होते. या दोन अवस्थांच्या मध्ये चार-सहा दिवस असे येतात, की मूठभर माती दाबली तर तिचा लाडू होतो आणि टिचकी मारली की तो फुटतो. तो वाफसा. तेवढ्या दिवसांत तिफण रानात गेली तर पेरलं, नाहीतर त्या वर्षीचं रान तुमच्याकडे नुसतं बघत राहतं.

हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी हिमायतनगरकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात 'मला ठाऊक नव्हतं' असं म्हणायची सोय मला नाही.

उस्मानाबादेतून लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि नांदेडहून माझी तिकडे बदली झाली होती. नव्या जिल्ह्यात सगळ्यात आधी पाट्या आल्या, मग खुर्च्या आणि बऱ्याच उशिराने इमारती. आमचं सहकाराचं कार्यालय एका डाळमिलच्या मागच्या खोल्यांत होतं. टेबलावरच्या कागदांवर दिवसभर तुरीच्या टरफलांचा भुसा बसायचा. तो फुंकून सही करायची सवय मला लागली. नांदेडच्या सवयीने मी 'काय करून राहिलात?' असं विचारलं की कारकून एकमेकांकडे बघून हसायचे.

माझ्याकडे काम होतं दुष्काळात मोडकळीला आलेल्या सोसायट्या उभ्या करायचं. हा दुष्काळ बहात्तरचा नव्हे. बहात्तरच्या दुष्काळाला मान होता, त्याच्या आठवणी निघायच्या. आमचा त्यानंतरचा, लहान, बिननावाचा. पण त्या उन्हाळ्यात चाऱ्यापायी लोकांनी बैल बाजारात नेले होते आणि त्यासाठी दुष्काळाला नाव असावं लागत नाही. रेणापूरच्या पलीकडच्या एका गावात तर निम्म्या सभासदांच्या दावणी मोकळ्या होत्या. बैल नाही तर पेरणी नाही, आणि पेरणी नाही तर सोसायटी म्हणजे नुसती एक वही. म्हणून मदतीतून तिथल्या सोसायटीला पाच बैलजोड्या सामाईक मिळाल्या. गोदामाच्या आवारात बांधायच्या आणि रब्बीच्या पेरणीला नंबराने फिरवायच्या.

प्रश्न नंबराचा होता. सोसायटीचे चेअरमन वयस्क लिंगायत गृहस्थ होते. त्यांचं लातूरच्या आडतीत दुकान होतं, कपाळावर भस्माचे पट्टे असायचे, आणि सगळा गाव त्यांना अप्पा म्हणायचा. अप्पा वाईट माणूस नव्हते. त्यांनी सरळपणाने सुचवलं, "वेशीपासून धरू की साहेब. गावाची चाल हाय ती."

वेशीपासून धरलं की बौद्ध वस्ती शेवटी येते. तिथली एकच सभासद बिनबैलाची होती. पन्नाशीची बाई, तीन एकर तिच्या स्वतःच्या नावावर. नवरा नांदेडला कापडगिरणीत होता, सणासुदीला यायचा. रान ती आणि सून मिळून करायच्या. तिला सगळे मावशी म्हणायचे. तिचं रान माळाच्या कडेला, उंचावर. तिथली माती हलकी, मुरमाड. खालच्या काळ्या रानाच्या कितीतरी आधी ती वाळायची. म्हणजे जिचं रान सगळ्यात आधी वाळतं, तिचा नंबर सगळ्यात शेवटी.

मी चावडीवर चिठ्ठ्या काढायला लावल्या. सहकार म्हणजे काय यावर छोटं भाषणही केलं. दुसऱ्यांच्या भाषणांना नावं ठेवायची मला खोड आहे. त्या दिवशीचं माझं भाषण मात्र मला फार आवडलं होतं. पितळी तांब्यात चिठ्ठ्या टाकल्या. मावशीने पदर सावरून हात घातला आणि चिठ्ठी माझ्यापुढे धरली. चौथा दिवस निघाला.

"चवथा," ती म्हणाली. "आजपस्तोर आमचा नंबर गावाचं झाल्यावर. आज मधीच घुसले की मी."

"घुस, घुस," कुणीतरी मागून म्हणालं. "बैल काय इचारतेत का, कुणाचं रान हाय मनून?"

"बैल न्हाई इचारत," मावशी म्हणाली, "बैलाच्या मागं चालणारा इचारतो."

लोक हसले. अप्पाही हसले. मग ती माझ्याकडे वळली. "साहेब, वहीत लिवा. सही करा. तोंडचं वाऱ्यावर जातं."

मी लिहिलं, सही केली, शिक्काही मारला. येताना तिच्या घरी गुळाचा चहा घेतला आणि तो सगळ्यांच्या देखत घेतला. तो चहा पिताना मी स्वतःकडे किती कौतुकाने बघत होतो, हे आज आठवलं की मान खाली जाते.

हस्ताचा पाऊस लागोपाठ दोन दिवस चांगला पडला. उघडीप झाली, ऊन पडलं आणि वाफसा आला. पहिल्या दिवशी पाची तिफणी रानात गेल्या. मी बांधावर उभा होतो. तिफणीवरच्या चाड्यातून ज्वारीचं बी सुटताना जो बारीक आवाज येतो तो ऐकला आणि वाटलं, आपण या नोकरीत काहीतरी खरं केलं.

दुसऱ्या दिवशी मला लातूरला बैठकीला बोलावलं होतं. चौथ्या दिवशी मंत्री येणार होते. नव्या जिल्ह्यातला पहिलाच सहकार मेळावा होता. मैदानावरून मिरवणूक निघायची होती. आमचे मोठे साहेब एकेकाला विचारत होते, तुम्ही काय आणणार. दूधवाल्याने सांगितलं, चकचकीत वीस कॅन, बैलगाडीत रचून. एकाने करडईचं तेल काढणारा घाणा सांगितला, चालता. शेळ्या सांगणाऱ्याला साहेब म्हणाले, "शेळ्या नकोत, मंडप खातील." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमच्या त्या सामाईक बैलांपैकी एखादी जोडी आणता येईल का? पेरणीचे दिवस आहेत, अडचण असेल तर राहू द्या."

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलं आहे. अडचण असेल तर राहू द्या.

मी म्हणालो, "पाचही जोड्या आणतो, साहेब."

का म्हणालो? चाळीस वर्षं याचं बरं उत्तर शोधतो आहे. त्यातल्या त्यात खरं उत्तर म्हणजे दूधवाल्याचे वीस कॅन. एक जोडी म्हणजे एक जोडी. पाच जोड्या ओळीने चालल्या तर ती योजना दिसते. समारंभांची टिंगल करण्यात माझा हात धरणारा त्या कार्यालयात कुणी नव्हता. आणि त्याच माझ्या डोक्यात तेव्हा झुलींचे रंग फिरत होते.

संध्याकाळी गावात आलो. गोदामापुढे अप्पा, दोन-चार सभासद आणि मावशी उभे होते. मी म्हणालो, "परवा मंत्री आहेत लातूरला. बैल न्यायचेत. सगळे. वरून हुकूम आहे."

अप्पांनी रानाकडे पाहिलं. मग म्हणाले, "वाफसा हाय की साहेब."

"दोन दिवसांचा प्रश्न आहे. सगळ्यांचे नंबर दोन दिवस पुढे सरकतील. ऑर्डर म्हटल्यावर मी काय करणार?"

मावशी एवढंच म्हणाली, "माझं रान वर हाय, साहेब." मी तिच्याकडे पाहिलं नाही. ती थांबली, मग पुन्हा म्हणाली, "खालच्या रानाला दोन दिवस कायबी न्हाईत. माझ्या रानाला दोन दिवस म्हंजी..." बाकीचं ती बोलली नाही. तिला वाटलं असावं, मला कळतं. मला कळत होतंच.

तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिफणी चालल्या. मग बैल सोडले, शिंगं रंगवली, गोंडे बांधले आणि सगळा तांडा लातूरच्या वाटेला लागला. बैलांनी दुष्काळ पाहिला होता, त्यांना ही शोभा नवी होती. एकजण दुसऱ्याच्या शिंगाचा ओला रंग चाटत चालला होता.

मेळावा सकाळी दहाचा होता. मंत्री आले चार वाजता. तोवर बैल मैदानात उन्हात उभे होते आणि आम्ही त्यांच्या सावलीत. बँडवाल्यांनी तेच एक गाणं इतक्यांदा वाजवलं की शेवटी शेवटी बैलही कान हलवेनासे झाले. पाच जोड्या मंचासमोरून गेल्या, त्याला लागला असेल एक मिनिट. त्यातलं अर्धं मिनिट मंत्री शेजारच्याशी बोलत होते. पुढच्या बैलाला घालायला आणलेला झेंडूचा हार त्याने वरच्यावर धरला आणि खाल्ला. दिवसभरात कामाची गोष्ट केली ती त्यानेच. नंतर भाषणात बैल हा बळीराजाचा खरा मित्र असल्याचं सांगण्यात आलं. मला मंचावर बोलावून श्रीफळ आणि शाल दिली. साहेबांनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "तुम्ही तर कमालच केली. मी एकच मागितली होती."

अप्पा मंचाच्या पायऱ्यांशी उभे होते. त्यांनी हे ऐकलं की नाही, मला ठाऊक नाही. टाळ्या चालू होत्या. मी ते विचारलं नाही आणि ते कधी बोलले नाहीत.

पाचव्या दिवशी संध्याकाळी बैल गावात पोचले. एकाच्या खुराला जखम झाली होती. मी बैलांबरोबर आलो नाही, बसने आलो. फाट्यावर उतरून गावाकडे चालत निघालो, ती वाट मावशीच्या रानावरून जाते. बघतो तर ती, सून आणि नांदेडहून आलेला नवरा वाकून काहीतरी करत होते. जवळ गेलो. टोकदार काठीने एकेक भोक पाडायचं, त्यात दोन-तीन दाणे टाकायचे आणि टाचेने माती लोटायची, असं चाललं होतं. भुईमुगासारखी ज्वारी टोकत होते. कालपासून लागले होते. म्हणजे मी शाल घेत होतो तेव्हाही. तीन एकरांतलं कसंबसं एक एकर झालं होतं.

नवऱ्याने रामराम केला नाही. तो माझ्याकडे पाहून पुन्हा वाकला. मावशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"झाला का मेळावा?"

"झाला."

"मंत्री खूश?"

"हो."

"बरं झालं मग. कुणीतर खूश झालं."

मी खाली वाकून मूठभर माती उचलली आणि दाबली. लाडू झाला नाही. मूठ उघडली तर माती बोटांतून कोरडी निघून गेली. तिने ते पाहिलं. मी सांगायला तोंड उघडलं, की हुकूम नव्हता. त्याआधीच ती म्हणाली, "तुमचा तरी काय दोस साहेब? वरून हुकूम आल्यावर तुमी तरी काय करणार. तुमी तर नंबर दिलता."

मी हाताची धूळ झटकली. तिने मला जी क्षमा दिली ती दुसऱ्याच माणसासाठी होती, आणि मी ती घेतली. ती शाल घेतली तशी.

सहाव्या दिवशी तिच्या नंबराप्रमाणे तिफण तिच्या रानात गेली. वहीत तशी नोंद आहे, माझ्या सहीची: पेरणी पूर्ण. त्या दोन एकरांत बी कोरड्यात पडलं. उगवलं ते असं, की उभं राहून मोजता यावं. टोकलेलं एक एकर मात्र बऱ्यापैकी आलं. खालच्या काळ्या रानातली ज्वारी माणसाच्या वर गेली, आणि गावात सगळे म्हणाले की साहेबांनी सोसायटी उभी केली. सुगीला मावशी आणि सून खालच्या रानात दुसऱ्यांची ज्वारी काढायला जात होत्या. एकदा मी फाट्याकडे जाताना तिने कणसांच्या ढिगावरून हाक मारली, "साहेब, चहा प्यायला या." मी म्हणालो, घाईत आहे. मी घाईत नव्हतो.

त्या वर्षभरात मी चार-पाच वेळा ठरवलं, तिला सांगायचं. पहिल्यांदा वाटलं, आत्ता नको, सुगी होऊ दे. मग वाटलं, आता सांगून काय उपयोग. ही दोन्ही कारणं एकाच माणसाला सुचतात आणि त्याला त्यात विसंगती दिसत नाही.

पुढच्या हस्ताआधी पुन्हा चावडीवर बसलो. जोड्या त्याच पाच, तांब्या तोच. या वेळी मी भाषण केलं नाही. एकेकाने चिठ्ठी काढली. मावशीची वेळ आली तेव्हा ती जागची उठली नाही.

"मला नगं चिठ्ठी."

"का गं?" अप्पा म्हणाले. "यंदा कदाचित पयला निघंल तुजा."

"नगं अप्पा. मला शेवटचा लिवा."

"शेवटचा?" मी म्हणालो. "मावशी, तुमचं रान वर आहे. शेवटी वाळून जाईल."

"वाळंल तितकं वाळंल. मी आधीच टोकाया लागते. उरंल त्येला तिफण." मग ती माझ्याकडे बघून अगदी साधेपणाने म्हणाली, "मधला नंबर सरकतो, साहेब. शेवटचा कुठं सरकणार? त्यो कुणी मागायला येत न्हाई."

अप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, "लिवा साहेब. ती मन्ती तसं लिवा."

बाकीचे सभासद तिच्या मनाच्या मोठेपणाबद्दल काहीतरी बोलत होते. तांब्यात एक चिठ्ठी उरली होती. मी वही पुढे ओढली. वेशीपासून धरलं असतं तर जिथे आलं असतं तिथेच, सगळ्यांच्या खाली, तिचं नाव लिहिलं. तिने सही करा म्हटलं नाही. मी केली.