अकरावी नळी

माझ्या यजमानांना लघवीसाठी नळी लागली, तेव्हा नवी नळी घडवणाऱ्या भाऊंची इस्पितळात ओळख झाली. भाऊंना स्वस्थ बसणे ठाऊकच नव्हते. नमुन्याचे टोक ते स्वतःच्या ओठाच्या आतून फिरवीत, घासून गुळगुळीत करीत, पुन्हा फिरवीत. सोमवारी नळीचा साचा पक्का व्हायचा होता; मग बदल करता येणार नव्हता.

नर्सबाईंनी भाऊंच्या नमुन्यांपैकी अकरावी नळी यजमानांना बसवली. भाऊंनी विचारले, "काका, टोचतंय का?"

"छे हो, कळलीसुद्धा नाही!" यजमान हसले. मूठ मात्र चादरीत घट्ट आवळलेली होती.

भाऊंना ती मूठ दिसली. आधीच्या दहा नळ्यांनाही काकांनी हेच प्रशस्तिपत्र दिले होते! त्यांनी येरझारा थांबवून हात जोडले.

"काका, माझं मन राखू नका. दुखलं की ओरडा."