हैदराबादमार्गे मिळालेलं तिकीट

मंडळी, आज सकाळी अमरावतीहून दादाचा फोन आला. "आईची तब्येत बिघडली, लवकर ये." मी नोकरीला बंगळुरूत. नागपूरच्या थेट विमानाचं भाडं बघून दचकलेच. हैदराबादमार्गे निम्म्यात मिळत होतं, पण चार तास उशिरा पोचणारं.

आईलाच विचारलं. ती हळूच म्हणाली, "कायले महागाचं तिकीट घेतं माय? मी कुठी जातो? सावकाश ये."

मलाही तेच ऐकायचं होतं. स्वस्तातलं तिकीट काढलं.

हैदराबादच्या विमानतळावर बसले होते, तेव्हा दादाचा पुन्हा फोन आला. म्हणाला, "आई गेली. तू ये, आमी थांबतो."

संध्याकाळी घरी पोचले. वहिनी म्हणाली, "ताई, तुमचा फोन झाल्यावर आईनं माह्याकडून वेणी घालून घेतली. म्हणे, लेक येऊन राह्यली."

आईच्या केसांना ताज्या तेलाचा वास येत होता.

पैसे होते माझ्याकडे. घरात कुणी मला एका शब्दानं बोललं नाही. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

तुमच्यापैकी कुणाला असा उशीर झालाय का? मग स्वतःची समजूत कशी घातलीत?